मदत हवी आहे: क्लोराइड वाहून नेणारे रेणू, फ्लुओरिमीटर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. बाबा पूर्व भागात चादरीच्या मागावर आहेत, त्यांना मधुमेह आहे. पायाची जखम तीन महिने भरेना. कल्चर केलं तर एमआरएसए, म्हणजे बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जिवाणू. रिपोर्टवर सहा औषधांपुढे ओळीने 'आर' (औषध चालत नाही). लिनेझोलिड या प्रतिजैविकापुढे 'एस' (औषध चालतं) दिसला तेव्हा कुठे जिवात जीव आला. आता जखम भरतेय.

तेव्हापासून प्रकल्पाचा विषय पक्का झालाय: प्रयोगशाळेत बनवलेले आयन-वाहक रेणू. व्हॅलिनोमायसिन हा निसर्गातला वाहक रेणू पोटॅशियमला कवेत घेऊन पेशीपटलापार नेतो, तसे यातले काही क्लोराइडला नेतात. आयनांचा तोल बिघडला की जिवाणूला तग धरणं कठीण. मारा एखाद्या एन्झाइमवर नसल्याने प्रतिकारही सहज उभा राहू नये. खरी अडचण वेगळीच: पटल आपल्या पेशींनाही असतं! म्हणून हिमोलिसिस चाचणी (तांबड्या रक्तपेशी फुटतात का ते पाहणारी) करणारच आहे.

कुणी लायपोसोममध्ये (मेदाच्या पटलाच्या कृत्रिम सूक्ष्म पिशव्या) ल्युसिजेनिन (क्लोराइडमुळे चमक मंदावणारं रंगद्रव्य) भरून क्लोराइडची ने-आण मोजली आहे का? आमच्याकडे स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, ही चमक मोजणारा फ्लुओरिमीटर नाही. सोलापुरात नसेल तर पुण्यात कुठे दोन दिवस वापरू देतील? सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने येईन, संध्याकाळी परत. लायपोसोम कितपत टिकतात, आदल्या दिवशी बनवून आणले तर चालतील का, तेही कृपया सांगा.