मदत हवी आहे: लेहच्या मॅरेथॉनले सहा आठवडे उरले, घाटात डाव्या बरगडीखाली कळ येते

पानपिंपळी_अंजनगाव (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात लेहले ४२ किमी धावायचं हाय. पैसे भरले, नंबर आला. दर रविवारी धामणगाव गढीपासून चिखलदऱ्याचा घाट चढून रायलो. सपाटीवर ३० किमी आरामात जाते, पण घाटात वर वर गेलो का डाव्या बरगडीखाली कळ निघते आणि पाय भरून येतात. थांबून पाणी पेलो का दहा मिनिटांत जाते. काय खाऊ आणि पळताना ताकदीसाठी खायचं कोणतं जेल घेऊ, एवढंच सांगा. "जाऊ नको" म्हणणाऱ्यांनी कृपा करून लिहू नये, घरी रोज तेच ऐकून रायलो. शनिवारी अमरावतीले चाललो, तिथूनच सामान आणतो. लवकर सांगा.

यवतेश्वर_घाट
भाऊ, माहिती फारच कमी दिलीस. वय? वजन? आधी पूर्ण ४२ कधी धावला आहेस का? किती वेळात? लेहला स्पर्धेच्या किती दिवस आधी पोचणार? मी सातारा हिल मॅरेथॉन तीनदा धावलो आहे. यवतेश्वरच्या चढावर पहिल्या वर्षी मलाही अशीच कळ आली होती. चढ तीव्र झाला की मी आता सरळ चालतो, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून. वेळेत फारसा फरक पडत नाही आणि दम टिकतो. तूही तसंच कर.

मैदानावरचे_काका
मी दर्यापूरकडचा. बरीच वर्षं भरतीची पोरं पळवतो. जेल-बिल काही लागत नाही. खिशात बिया काढलेला खजूर आणि गुळाचे खडे ठेव, दर अर्ध्या तासाला एक तोंडात टाक. मीठ-साखर-लिंबाचं पाणी सोबत असू दे. आदल्या रात्री वरण-भात खा. ज्वारीची भाकर आणि हरभऱ्याची भाजी त्या दिवशी नको, चोथा पोटात राहतो आणि पळताना चमक भरते. तुझी कळ पोटाचीच आहे. सकाळी काय खाऊन निघतोस?

पानपिंपळी_अंजनगाव
वय २५, वजन ५८. भरतीसाठी १६०० मीटर करत होतो, दोनदा थोडक्यात राहिलो, मग लांब पल्ल्याची गोडी लागली. नागपूरले एकदा ४२ केलं, ४ तास १० मिनिटं. सकाळी चहा आणि दोन केळी. यंदा अधिकमासानं पोळा स्पर्धेच्या तोंडावर आला. बैलजोडी घरची हाय, बाबाचे गुडघे गेले, पोळ्याले मले घरी राहावंच लागते. म्हणून तान्हा पोळा झाला का नागपूरहून दिल्ली आणि तिथून लेह, विमानानं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचतो.

माजी_सैनिक_बुलडाणा
आदल्या दिवशी? बाळा, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं. बाकी सगळं सोडून आधी हे ऐक.
मी फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली दोन लेहच्या बाजूला. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. तिथं विमानातून उतरलेल्या जवानाला पहिल्या टप्प्याचे सहा दिवस दिले जातात. पहिले दोन दिवस निव्वळ आराम, जेवणखाण आणि शौचापुरतं उठायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सपाटीवर सावकाश चालायचं, पाचव्या-सहाव्या दिवशी थोडा चढ, तोही हळू. हे रोज पंधरा किलोमीटर पळणाऱ्या पोरांसाठी आहे. डोकं ठणकणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात असते. पुढे विश्रांतीतही धाप लागली, खोकल्यात फेस आला किंवा माणूस झिंगल्यासारखा चालायला लागला, तर ताबडतोब खाली उतरवावं लागतं. माझ्यासमोर एका तगड्या जवानाला रात्रीतून फुप्फुसात पाणी झालं होतं. तो आमच्या तुकडीतला सगळ्यात वेगवान पळणारा होता. तंदुरुस्ती इथं कवच नाही.
स्पर्धेच्या नियमपत्रिकेत लेहला आधी येऊन राहण्याबद्दल काय लिहिलंय ते आजच वाच.

कॉफीमळा_चिखलदरा
इतकं घाबरवू नका हो मुलाला. चिखलदरा काय कमी उंच आहे? १११८ मीटर. वैराटला गेलास तर त्याहून वर. महिनाभर इथं येऊन राहा, पंचबोलपासून देवी पॉइंटपर्यंत रोज सकाळी धाव. धुक्यात, थंडीत शरीर आपोआप तयार होतं. आमच्याकडे पुण्यामुंबईचे लोक सरावाला येतात. खोलीची सोय मी करून देतो, पैशाचं नंतर बघू.

गणिताचे_सर
कॉफीमळा, आपलं चिखलदरा मलाही प्रिय आहे, पण हिशेब तसा नाही. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असतं, कमी होतो तो दाब. चिखलदऱ्याला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत १२ टक्क्यांच्या आसपास कमी, लेहला ३५ टक्के. म्हणजे लेहला प्रत्येक श्वासात आपल्याला मिळतो त्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऑक्सिजन. चिखलदऱ्यानं मांड्या आणि पोटऱ्या तयार होतील, आणि त्या लागतीलच, कारण सिंधूच्या काठाकडून लेह गावाकडे परतताना चढच आहे. पण रक्त तयार होणार नाही. मूत्रपिंडं रक्तातला क्षार कमी करून श्वास वाढवायला मोकळीक देतात, त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला आठवडे लागतात. हे उंचीवर राहूनच होतं.

कॉफीमळा_चिखलदरा
सर, मी आकड्यांचं बोललो नाही, अनुभवाचं बोललो. अजिबात सराव नसलेल्या माणसापेक्षा घाटात सराव केलेला माणूस बरा, एवढं तरी मान्य करा.

गणिताचे_सर
घाटाच्या सरावाला माझा विरोध नाही. त्यानं लेहची उंची सोसते, या म्हणण्याला आहे.

कापूरवाले_आजोबा_अकोला
अमरनाथला आम्ही चार वेळा गेलो. भीमसेनी कापूर रुमालात बांधून हुंगत राहायचं, काही त्रास होत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी पण मिळते दुकानात, दोन दिवस आधी सुरू कर.

माजी_सैनिक_बुलडाणा
आजोबा, कापराच्या वासानं नाक मोकळं वाटतं, पण रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. आणि डायमॉक्स डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सल्फाची ॲलर्जी असलेल्याला ती महागात पडू शकते. वारंवार लघवी होते, बोटांना मुंग्या येतात. धावणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी आणखी घटेल.
धागाकर्त्या, पर्याय असा. अकोला किंवा बडनेऱ्याहून रेल्वेनं कटऱ्याला जा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. श्रीनगरहून सडकेनं कारगिल, तिथं मुक्काम, उंची २७०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी लेह. अंग पायरीपायरीनं चढतं. त्यानंतरही लेहला आठवडा तरी हवा. आणि स्पर्धेआधी खारदुंग-ला खिंड बघायला जाऊ नकोस, तो पाच हजार मीटरच्याही वर आहे.

फिरस्ता_यवतमाळ
एक महत्त्वाचं कोणी सांगितलं नाही. आपलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड करून घे, नाहीतर घरच्यांशी बोलणं होणार नाही.

पानपिंपळी_अंजनगाव
सगळ्यांचे आभार, पण माझा प्रश्न कळेचा होता. काका पोटाची कळ म्हणाले म्हणून केळी बंद करून पायली, उपाशीपोटी गेलो, तरी परवा आलीच. आणि आधी जाणं जमत नाही. पोळा सोडून कसा जाऊ?

तपासणी_ताई_अचलपूर
मी सरकारी दवाखान्यात रक्त तपासणीचं काम करते. दोन गोष्टी विचारते, रागावू नकोस. कळ आली त्या दिवशी पाणी किती प्यालास, आणि लघवीचा रंग नेहमीसारखा होता का? आणि घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा तांबड्या पेशींचा आजार, आहे का?

पानपिंपळी_अंजनगाव
ताई, पाणी एकच बाटली. लघवी मागच्या महिन्यात एकदा लालसर झाली होती, उन्हामुळं असंल म्हणून सोडून देलं. सिकलसेल मोठ्या बहिणीले हाय. तिले हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू हायेत, दोनदा रक्त चढवलं. पण मले काहीच नाई, मी लहानपणापासून धडधाकट. म्हणून लिहिलं नाही.

तपासणी_ताई_अचलपूर
हेच सगळ्यात आधी लिहायला हवं होतं रे.
बहीण ग्रस्त आहे, म्हणजे तिला आई आणि बाबा दोघांकडूनही दोष आला, म्हणजे दोघेही निदान वाहक (एकच दोष असलेले) आहेत. अशा घरात दर बाळंतपणाला चारात एक शक्यता ग्रस्त लेकराची, दोन वाहकाची, एक पूर्ण मोकळ्या लेकराची. तू ग्रस्त नाहीस असं धरलं, तर उरलेल्या तीनांत दोन शक्यता तू वाहक असण्याच्या आहेत. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, शेती करतो, पळतो. बहुतेकांना आयुष्यभर कळतसुद्धा नाही. पण उंचावर ऑक्सिजन कमी पडला, त्यात अंगातलं पाणी आटलं आणि वर जोराची मेहनत झाली, तर त्याच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात. पानथरीत (प्लीहेत) रक्त अडकून तिचा भाग मरू शकतो. पानथरी डाव्या बरगडीखालीच असते. लघवीतून रक्त जाणं हेही वाहकांत दिसतं.
चिखलदऱ्याला आलेली कळ पानथरीचीच आहे असं मी म्हणत नाही. तिथली उंची कमी आहे, ती साधी चमकही असू शकते. पण हे न तपासता लेहला जाऊ नकोस.

मैदानावरचे_काका
ताई, माझ्याकडे वाहक पोरं आली, भरती झाली, आज पोलिसात आहेत. कोणाला काही झालं नाही. पोराचं मन मोडू नका.

तपासणी_ताई_अचलपूर
काका, तुमची पोरं ३०० मीटर उंचीच्या मैदानावर १६०० मीटर पळतात. हा ३५०० मीटरवर चार-पाच तास धावणार आहे, तेही एका रात्रीच्या मुक्कामानंतर. तुमच्या मैदानावरही वाहक पोरांना पाणी भरपूर द्या, ऊन चढल्यावर पळवू नका आणि कोणी पाय भरून आले म्हणाला तर थांबू द्या. "अजून एक फेरी मार" म्हणू नका. एवढं माझ्यासाठी करा.

मैदानावरचे_काका
हे मला कोणी आजवर सांगितलं नव्हतं. उद्यापासून टाकी भरून ठेवतो.

संत्रा_बागाईतदार
विषय थोडा वेगळा, पण सांगावंसं वाटतं. लग्न जमवताना आपण कुंडली पाहतो, सिकलसेलचं कार्ड पाहत नाही. माझ्या पुतणीच्या वेळेस दोघेही वाहक निघाले ते मूल झाल्यावर कळलं. चौथ्या महिन्यातच लेकराच्या हातापायांना सूज आली होती. धागाकर्त्याचं लग्न व्हायचं असेल तर ही तपासणी त्यासाठीही होईल. (आंबिया बहाराची फळगळ कोणाकडे जास्त आहे का? वेगळा धागा काढतो.)

यवतेश्वर_घाट
ताई, तपासणी नेमकी कोणती? आमच्याकडे हा आजार फारसा ऐकिवात नाही.

तपासणी_ताई_अचलपूर
आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी नावाची चाचणी. ती पॉझिटिव्ह आली तर माणूस वाहक की ग्रस्त हे तिच्यावरून ठरत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ मध्ये सुरू झालं, सरकारी दवाखान्यात तपासणीला पैसे लागत नाहीत. फक्त मेळघाटापुरतं हे नाही, विदर्भभर आहे.

पानपिंपळी_अंजनगाव
नऊ दिवसांनी लिहून रायलो. सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह आली, मग दुसरी केली. वाहक हाय. अमरावतीच्या फिजिशियननं सोनोग्राफी केली, पानथरी ठीक हाय. लघवी परत तपासाले सांगितली. लेहले धावणं नाई म्हणाले, हळू धावतो म्हटलं तरी नाई म्हणाले. सपाटीवर धावू शकतो, पाणी पीत आणि ऊन टाळून.
बाहेर येऊन बसस्टँडवर एक तास बसलो. सहा महिन्यांपासून रोज पहाटे चारले उठत होतो. पैसे परत भेटत नाहीत. बहिणीले फोन केला तर ती रडायलेच लागली, माझ्यामुळं झालं म्हणे. तिले म्हटलं, तुझ्यामुळंच कळलं.
लहान भाऊ १९ वर्षांचा हाय, भरतीची तयारी करून रायला. त्याची कधी तपासणी झाली नाही. उद्या त्याले घेऊन येतो. ताई, तुमची खोली कुठं हाय, आणि उपाशी आणू का?

तपासणी_ताई_अचलपूर
ओपीडीच्या मागे, डाव्या हाताला. साडेआठ ते बारा. उपाशी नको, पोटभर खाऊ घालून आण. बहिणीचं कार्ड सोबत ठेव.