पहाटे चारला दार खरवडतंय. म्हाताऱ्या कुत्र्याला आत घ्यावं की अंगणातच ठेवावं?

जुळेसोलापूरची सून
नमस्कार. आमचा वाघ्या अकरा वर्षांचा. आई कारवान जातीची, बाप कोण ते देवाला ठाऊक. केस आखूड, बरगड्या मोजून घ्या. सगळा जन्म अंगणातल्या शहाबादी फरशीवर काढला. उन्हाळ्यात पारा ४३ वर गेला तरी नळाखाली भिजून गप पडायचा, तक्रार नाही.

यंदा जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आधीपासून रोज पहाटे चारला दार खरवडायलाय. उघडून बघितलं तर शेपूट पोटाखाली, अंग थरथर. परवा उठताना मागचे पाय घसरले, तिसऱ्यांदा उभा राहिला. मी आत घेतलं तर सासूबाई उठल्या. "एवढ्या वर्षांत थंडी वाजली नाही, आत्ताच कशी वाजायली? लाड केलीस तू." देवघर हॉलमध्येच आहे, त्यामुळं त्यांचंही अगदीच चुकतं असं नाही. नवरा म्हणतो दोघी मिळून ठरवा. दोघींनी ठरत असतं तर इथं कशाला लिहिलं असतं!

पोतं टाकलं तर ओढून बाजूला करतो आणि परत फरशीवर. स्वेटर घातला, सकाळपर्यंत त्याच्या चिंध्या. काय करू?

बाळीवेसकर
वहिनी, सासूबाईंचं ऐका. सोलापूरला कुठली आली थंडी? १२-१३ डिग्री म्हणजे काय काश्मीर हाय का? गावाकडं कुत्री उघड्यावरच असतात, कुणी चादर पांघरत नाही. एकदा आत घेतलं की परत बाहेर जाणार नाही बगा.

माजी फौजी, मंगळवेढा
गावाकडचं कुत्रं रात्री कुठं झोपतं ते बघितलंय का कधी? विझलेल्या चुलीच्या राखेत, नाहीतर कडब्याच्या गंजीला बीळ करून. ऊब नको असती तर राखेत कशाला लोळलं असतं?

मी लडाखला होतो. तिथली कुत्री बर्फात वेटोळं घालून झोपतात, पाठीवर पडलेला बर्फ वितळतसुद्धा नाही, कारण खाली लोकरीसारखे केस आणि वरून जाड केस, अंगातली ऊब बाहेर येतच नाही. आपलं कारवान आणि शेजारच्या बागलकोटचं मुधोळ ही एकाच रक्ताची. आपल्या माळावर सशामागं पळायला केलेली. २०१६ साली फौजेनं मुधोळची पिल्लं मेरठला ट्रेनिंगला घेतली, ती चपळाईसाठी. बर्फात झोपायला नाही घेतली. ताई, लडाखच्या कुत्र्याला जे चालतं ते वाघ्याला चालणार नाही.

टॉवेलवाले काका
सूनबाई, मी अक्कलकोट रोडला पॉवरलूमवर तीस वर्षं काढली. कारखान्याच्या गेटवर कायम दोन-तीन कुत्री असायची, त्यामुळं थोडं कळतं.

आत की बाहेर हा वाद नंतर घाला. आधी ती फरशी बघा. पहाटे चारला अनवाणी पाच मिनिटं तिच्यावर उभं राहा, मग कळेल. वाऱ्यापेक्षा फरशी जास्त खाते. त्यात वाघ्याच्या अंगावर चरबी नाही, कोपराची आणि खुब्याची हाडं थेट दगडावर. आणि पोतं तो उगाच ओढत नाही. बारदान दवानं ओलं होतं आणि ओल्या बारदानापेक्षा कोरडा दगड बरा, एवढी अक्कल त्याला आहे.

लाकडी फळ्या ठोकून जमिनीपासून चार बोटं उंच खाट करा. वर कडब्याची कुट्टी वीतभर. तिच्यावर सेकंडच्या मालातली जुनी चादर, जाड बघून घ्या. तिन्ही बाजूंनी आणि वरून आडोसा, तोंड भिंतीकडं. आणि हे ऐका, मोठं घर करू नका. तो आत वळून वेटोळं घालेल एवढंच. कुत्रं आपल्याच अंगानं जागा गरम करतं, मोठी जागा गरम होत नाही. कोळशाची शेगडी मात्र बंद जागेत कधी ठेवू नका. तिच्या विषारी वायूनं जीव जातो, माणसाचाही.

आता मागच्या पायाचं. ते नुसती थंडी नाही. सांधे गेलेत, थंडीनं ते दिसायला लागलंय. सासूबाईंना हेच सांगा, की कुत्रं तेच आहे पण वय ते नाही. त्यांचे गुडघे थंडीत धरतच असतील, लगेच पटेल. डॉक्टरांकडं न्या. नखं वाढली असतील तर कापून घ्या, त्यानंही पाय घसरतो. घरात घेतलं तर टाइलवर चटई टाका, नाहीतर तिथं अजून घसरेल.

एक चूक मी केली, तुम्ही करू नका. आमची राणी अशीच लंगडायची. एका मेडिकलवाल्यानं माणसाची दुखण्याची गोळी दिली, म्हणाला अर्धी द्या. दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी डांबरासारखं काळं शी, खाणं बंद, उलटीत रक्त. चार दिवस सलाईन लावून वाचली, पण परत पहिल्यासारखी जेवली नाही. आपल्या गोळ्या कुत्र्याच्या पोटाला झेपत नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा नको.

थरथर थांबली, अंग ढिलं पडलं आणि हाक मारली तरी बघत नाही, असं झालं तर वाट बघू नका. कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ९९ च्या खाली गेलं तर चादरीत गुंडाळून रातोरात दवाखाना गाठा.

बाळीवेसकर
राखेचं खरं हाय. आमच्या आजीची कुत्री सकाळी पांढरीफट्ट होऊन यायची.

जुळेसोलापूरची सून
सहा दिवसांनी लिहितेय. जिन्याखाली फळ्यांची खाट केली. कुट्टी दूधवाल्याकडून आणली, त्यानं पैसे घेतले नाहीत. पहिल्या रात्री वाघ्यानं नुसतं हुंगलं. दुसऱ्या रात्री तीनदा गोल फिरला, नाक शेपटीखाली घातलं आणि बसला.

डॉक्टरांनी खुबे दाबून बघितले, सांध्याचंच निघालं. कुत्र्यांचं औषध दिलंय, जेवणानंतर.

खरवडणं बंद झालं नाही, पण चारचं पाचवर गेलंय. पाचला सासूबाई उठलेल्या असतात. दार त्याच उघडतात. आत येऊ देत नाहीत, पण उंबऱ्याशी पायपुसणं टाकलंय आणि पूजा होईपर्यंत तो तिथं बसतो.

काका, कुट्टीत गोचीड होतात का?

टॉवेलवाले काका
फटीत होतात. आठवड्याला बदला, जुनी जाळून टाका, खाटेच्या फळ्या उन्हात उभ्या करा. पायपुसणंही उन्हात टाका.