वादळात बंब उलटला तर दोष कुणाचा?

धुरकट:
भर वादळात वर्दीवर, म्हणजे मदतीच्या फोनवर, निघालेला अग्निशमन दलाचा बंब वाटेतच उलटला, की खापर चालकाच्या डोक्यावर फुटतं. माझ्या मते दोष त्याला तशा हवेत बाहेर काढणाऱ्यांचा. वाऱ्याची मर्यादा आधीच ठरवा, ती ओलांडली की बंब आत. फ्लोरिडात चक्रीवादळ आलं की बऱ्याच ठिकाणी सलग वारा ताशी ७० किमीच्या आसपास गेल्यावर आपत्कालीन गाड्या थांबवतात. वारा उतरला की साठलेल्या वर्द्या निकडीप्रमाणे घेतात.

टॉपगिअर:
ज्याचं घर पेटलंय त्याला सांगा ना हे! आकडा बघून फाटक लावून घ्यायचं तर अग्निशमन दल हवं कशाला? जोखीम आहे हे जवानांना भरती होतानाच माहीत असतं.

पाणकळा:
टॉपगिअर, जोखीम आगीपाशी घ्या हो, वळणावर कशाला? ५,००० लिटर पाणी म्हणजे ५ टन वजन. टाकी अर्धवट भरलेली असली तर आणखी वाईट, वळणावर सगळं पाणी एका अंगाला धावतं. टाकीत आडव्या-उभ्या पत्र्यांचे अडसर असतात, पण हिसका पुरता जात नाही.
उलटण्याची एक ठरलेली रीत आहे. मुसळधार पावसात कडा दिसत नाही, कडेचं चाक डांबराखाली उतरतं. चालक घाबरून स्टिअरिंग झटक्यात ओढतो. चाक वर चढतं, एकदम पकड घेतं आणि गाडी आडवी. खरं तर वेग उतरू द्यायचा आणि मग हळूच वर घ्यायचं. पण सायरन डोक्यात वाजत असताना हे सुचायला हात मुरलेला लागतो. त्यात ओल्या रस्त्यावर रिटार्डर, म्हणजे ब्रेकशिवाय वेग उतरवणारी जोडयंत्रणा, चालू राहिला तर मागची चाकं घसरतात ती वेगळीच.

टॉपगिअर:
सावकाश जा म्हणणं सोपं आहे. तिकडे एकेक मिनिट मोलाचं असतं.

पाणकळा:
मग मिनिटंच मोजू. ५ किमी अंतर ताशी ६० ने ५ मिनिटांत, ८० ने पावणेचार. वाचलं सव्वा मिनिट, तेही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर जवळजवळ पावणेदोन पट. वाटेत उलटलात तर पहिली वर्दी तशीच राहते, वर तुमच्यासाठी दुसरा बंब काढावा लागतो.

सरळमार्गी:
धुरकट, मला तुमची वाऱ्याची मर्यादाच पटत नाही. वारा पडला म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असं थोडंच आहे? आडवी झाडं, लोंबत्या तारा, खचलेल्या मोऱ्या खऱ्या तेव्हाच भेटतात. ६० सेंमी वाहतं पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं आणि अंधारात त्याची खोली कळत नाही. तुमच्या नियमाने नेमका त्याच वेळी बंबांचा ताफा बाहेर पडणार, तोही तुंबलेल्या वर्द्यांच्या घाईत.

धुरकट:
हा मुद्दा बिनतोड आहे. पण मग मर्यादेच्या जोडीला रस्त्याची पाहणीही घाला, मर्यादा कशाला काढता? विजेच्या झटक्याने आपोआप वाजलेला अलार्म आणि घरात अडकलेला माणूस या दोन्हींसाठी एकाच वेगाने धावायचं, हे तरी बंद व्हावं. आणि जवानांनी चालत्या गाडीत पट्टा सोडून अंगावर कोट चढवणंही. गाडी उलटली की ज्यांनी पट्टा लावलेला नसतो ते बाहेर फेकले जातात.

टॉपगिअर:
पट्ट्याचं कबूल, शंभर टक्के. अलार्मचंही चालेल. पण फोनवर रडणाऱ्या बाईला "वारा उतरला की येतो" हे कोण सांगणार? नियंत्रण कक्षात बसलेली पोरगी? तिला तसं सांगायचा लेखी अधिकार आणि तिच्या पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ आधी द्या, मग तुमच्या मर्यादेवर बोलू.