विमानाचे पॉइंट: चकवा की हिशेब न जमलेल्यांची तक्रार?

बोर्डिंग पास:
'जमाखर्च' यांची कालची पोस्ट वाचली. म्हणणं थोडक्यात असं, की विमान कंपन्यांचे पॉइंट हा मध्यमवर्गाला दाखवलेला चकवा आहे, १ पॉइंट म्हणजे २५ पैसे, त्यापेक्षा कॅशबॅकचं कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. खाली सगळ्यांनी माना डोलावल्या आहेत. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

२५ पैसे हा भाव बँकेच्या कॅटलॉगचा आहे. पॉइंट देऊन मिक्सर किंवा व्हाउचर घेतलं तर तोच भाव मिळणार. विमानाच्या तिकिटाचा भाव वेगळा काढावा लागतो: रोखीचं भाडं, त्यातून पॉइंटच्या तिकिटावरही भरावे लागणारे कर वजा, भागिले लागणारे पॉइंट. समजा मुंबई–सिंगापूर बिझनेसचं एकेरी भाडं ७८,००० आहे, पॉइंटवर तेच तिकीट ४०,००० मैल (कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवले की त्यांचे होतात ते मैल) अधिक ६,००० रुपये कराला मिळतं. ७२,००० भागिले ४०,०००, म्हणजे मैलाला १ रुपया ८० पैसे. २५ पैशांच्या सातपट.

चुकतं ते क्रमात. लोक बँकेचे पॉइंट आधी विमान कंपनीकडे पाठवतात आणि मग सीट शोधतात. पाठवलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी सीट शोधा. बहुतेक कंपन्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तारखा उघडतात, आणि न विकलेल्या सीट उड्डाणाच्या आधीच्या दोन आठवड्यांत पुन्हा सोडतात. मधल्या काळात दिवाळी आणि मे महिन्याच्या तारखा शोधून काही हाती लागत नाही. सीट दिसली तर ती पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊन बघा. भागीदार कंपनीची, म्हणजे एकीच्या मैलांवर दुसरीच्या विमानात मिळणारी, सीट यादीत दिसते आणि शेवटच्या पायरीवर नाहीशी होते, हे नेहमीचं आहे. तिथपर्यंत टिकली तरच पॉइंट पाठवा. आणि पाठवण्याआधी त्या कंपनीकडे पॉइंट पोचायला किती वेळ लागतो ते बघा. काहींचे मिनिटांत पोचतात, काहींना दिवस लागतात, तोवर सीट गेलेली असते.

डील म्हणाल तर दोनच लक्ष ठेवण्याजोग्या. बँक अधूनमधून एखाद्या कंपनीकडे पॉइंट पाठवण्यावर जादा टक्के देते ती, आणि एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू या मैलांच्या कार्यक्रमाची दर महिन्याला बदलणारी प्रोमो रिवॉर्ड्सची, म्हणजे कमी मैलांत मिळणाऱ्या तिकिटांची, यादी. मैल विकत घ्यायच्या ऑफर मात्र हातात ठरलेलं तिकीट असल्याशिवाय घेऊ नका. परदेशी चलनात पैसे जातात. बँकेचा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनाचं शुल्क, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ४.१३ टक्के तिथेच गेले.

जमाखर्च:
साहेब, तुमचं १ रुपया ८० पैसे हे गणित कागदावरचं आहे. सिंगापूरला जायला खिशातून ७८,००० काढून बिझनेसचं तिकीट कोण घेतं? तो माणूस इकॉनॉमीचं २४,०००चं घेणार होता. तेव्हा वाचले २४,००० वजा ६,००० म्हणजे १८,०००. भागिले ४०,०००, झाले ४५ पैसे. जो खर्च तुम्ही करणारच नव्हता तो वाचला असं म्हणून नफा दाखवायचा, ही चलाखी आहे.

आता ४०,००० मैल येतात कुठून ते बघा. १०० रुपयांना २ मैल देणारं कार्ड धरलं तर २० लाख खर्च. तोच खर्च ५ टक्के कॅशबॅकवर १ लाख रुपये. शिवाय भाडं, वॉलेट, पेट्रोल, सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत. आणि एका महिन्याचं बिल थकलं तर ३.५ टक्के महिना व्याज, वर्षाचं ४२, त्यावर जीएसटी. दोन वर्षांचे पॉइंट एका चुकीत गेले.

आणि भाव बदलायचा अधिकार कोणाकडे? १ सप्टेंबर २०२३ला ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस या क्रेडिट कार्डावर ५ पॉइंटांचे ४ मैल मिळायचे त्याचे २ झाले, महिन्याला १ लाख खर्चावरचे २५,००० पॉइंट बंद झाले, वार्षिक फी १०,०००ची १२,५०० झाली. रोख रकमेचं असं होत नाही.

कर्जत लोकल:
मॅग्नसबद्दल एक दुरुस्ती. ॲक्सिसचं बरगंडी, म्हणजे मोठी शिल्लक ठेवणाऱ्यांचं, खातं असलेल्यांचा दर तेव्हा ५ला ४च राहिला होता. पण ते खातं ठेवायची ऐपत किती जणांची, हा प्रश्न आहेच, तेव्हा 'जमाखर्च' यांचा मुद्दा मोडत नाही. आणि विमान कंपनीच बुडाली तर काय, तेही बघा. जेट एअरवेज बंद पडली १७ एप्रिल २०१९ला. मैल वाचले, कारण तिचा मैलांचा कार्यक्रम, जेटप्रिव्हिलेज, वेगळ्या कंपनीकडे होता. पुढे त्याचं नाव इंटरमाइल्स झालं. पण ज्या विमानांसाठी जमवले ती विमानंच उरली नाहीत. किंगफिशरवाल्यांकडे तर तेवढंही उरलं नाही.

बोर्डिंग पास:
इकॉनॉमीचा मुद्दा मान्य. भाव काढताना आपण खरंच जे भाडं भरलं असतं तेच धरायला हवं, ७८,००० धरणं चूक होतं. पण मग तुमचा १ लाखही सोडा. ५ टक्के कॅशबॅक ऑनलाइन खरेदीवर असतं आणि त्याला महिन्याची कमाल मर्यादा असते. सराफ, दवाखाना, हॉटेल, लग्नाचा हॉल, हे सगळं मशीनवर स्वाइप होतं, तिथे १ टक्का. २० लाखांचे २०,०००. आणि मैल एकाच दराने मिळतात हेही खरं नाही. विमानतिकीट आणि हॉटेल थेट बुक केलं तर १००ला ५ मैल देणारी कार्डं आहेत. तुम्ही एका बाजूला सर्वांत चांगला दर धरलात आणि दुसऱ्या बाजूला सर्वांत वाईट.

पॉइंट साठवून ठेवू नका, हे मीही सांगतो. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमाचे मैल ३६ महिन्यांनी जातात, खातं कितीही चालू असलं तरी. एव्हिऑसचं, म्हणजे ब्रिटिश एअरवेज वगैरेंच्या मैलांचं, उलट: ३६ महिन्यांत काहीतरी जमा किंवा खर्च झालं की मुदत नव्याने सुरू होते. म्हणून पॉइंट बँकेतच ठेवायचे, विमान कंपनीकडे लागतील तेव्हाच पाठवायचे.

एडिसनकर:
तुम्हा दोघांच्या भांडणात खरा प्रश्न राहूनच जातोय. बहुतेक मराठी घरांत एवढे मैल लागतात ते सिंगापूरच्या बिझनेससाठी नाही, आई-बाबांना अमेरिकेला आणण्यासाठी. दोन तिकिटं, चार-सहा महिन्यांचा मुक्काम, जाण्या-येण्याच्या तारखा मोसमातल्या. इथे भाडं भरावंच लागतं, त्यामुळे वाचलेला पैसा खरा. एअर कॅनडाच्या एरोप्लान या मैलांच्या कार्यक्रमावर एअर इंडियाची सीट मिळाली तर घ्यावी. २०२०पासून ते भागीदारांच्या विमानांवरही इंधन अधिभार लावत नाहीत. फक्त विमानतळाचे कर आणि ३९ कॅनेडियन डॉलर बुकिंग शुल्क. तीच सीट दुसऱ्या कार्यक्रमातून काढली तर अधिभारात हजारो रुपये जातात.

माई सांगलीकर:
एडिसनकर, अर्धी माहिती देऊ नका. एरोप्लानवर शोधलं की टोरांटो किंवा व्हँकुव्हरवरून जाणारी तिकिटं सर्वांत आधी आणि सर्वांत स्वस्त दिसतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडात विमान बदलायलाही व्हिसा लागतो, अमेरिकेचा असला तरी. तो नसेल तर मुंबईतच काउंटरवर बोर्डिंग पास देत नाहीत. तिकीट काढण्याआधी मधल्या प्रत्येक विमानतळाचा ट्रान्झिटचा नियम बघितलाच पाहिजे.

आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसांना मैल वाचतात म्हणून दोन ठिकाणी विमान बदलायला लावायचं? थेट विमान असताना?

एडिसनकर:
ताई, मी थेट विमानाबद्दलच लिहिलं होतं. एअर इंडियाची सीट, एरोप्लानचे मैल. वाचून तरी टीका करा.

माई सांगलीकर:
वाचलंय. थेट विमान मुंबई किंवा दिल्लीहून. सांगली, नागपूर, संभाजीनगरच्या माणसांनी तिथवर यायचं कसं, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठे आहे? मैलांवर मुंबई–न्यूयॉर्क काढायचं आणि नागपूर–मुंबई वेगळं स्वस्त तिकीट घ्यायचं, असंच सगळे करतात. अमेरिकेच्या तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे ४६ किलो. देशांतर्गत वेगळ्या तिकिटावर १५. बाकीच्या ३१ किलोंचे पैसे दोन माणसांचे भरा. मुंबईत बॅगा पट्ट्यावरून उचलून परत चेक-इन करा. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं सुटलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, मैलही गेले. आणि आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालंय. देशांतर्गत विमान तिथे उतरलं आणि पुढचं सहारहून असलं तर म्हाताऱ्या माणसांनी बॅगा घेऊन अख्खी मुंबई ओलांडायची.

कर्जत लोकल:
माईंचं बरोबर आहे, पण उपाय त्याच कार्यक्रमात आहे. शोधताना सुरुवातच नागपूर टाका. एअर इंडिया एअर कॅनडासारखीच स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यामुळे नागपूर–दिल्ली आणि पुढचं उड्डाण एकाच तिकिटावर मिळू शकतं. मग ४६ किलो नागपूरपासून, बॅगा शेवटपर्यंत टॅग होतात, आणि पहिलं चुकलं तर पुढची सोय कंपनीला करावी लागते. कधी मुंबईहून सीट दिसत नाही आणि नागपूरहून दिसते, कधी उलट. दोन्ही टाकून बघायचं.

व्हीलचेअरचं मात्र सगळे विसरतात. भागीदाराकडून काढलेल्या तिकिटाला दोन पीएनआर असतात, एक एरोप्लानचा, एक एअर इंडियाचा. एरोप्लानवर टाकलेली व्हीलचेअरची विनंती पलीकडे पोचेलच असं नाही. ज्यांचं विमान त्यांचा पीएनआर मागून घ्या, त्यांना फोन करा, आणि नेमकं सांगा: जिने चढता येतात पण लांब चालवत नाही तर डब्ल्यूसीएचआर, जिने चढता येत नाहीत तर डब्ल्यूसीएचएस. नुसतं 'व्हीलचेअर हवी' म्हटलं की पहिलं लावतात, आणि बस विमानाच्या शिडीपाशी थांबली की पंचाईत.

बोर्डिंग पास:
त्यात भर. पीएनआर आला म्हणजे तिकीट झालं असं नाही. १३ आकडी ई-तिकीट क्रमांक आलाय का ते बघा. एरोप्लानचा ०१४ने सुरू होतो, क्रिसफ्लायरचा ६१८ने. विमान एअर इंडियाचं असलं तरी क्रमांक तिकीट काढणाऱ्याचाच. क्रमांक नसेल तर नुसतं आरक्षण आहे, ते आपोआप रद्द होऊ शकतं.

जमाखर्च:
तुम्ही सगळे मिळून माझाच मुद्दा सिद्ध करताय. एका तिकिटासाठी दोन पीएनआर, तीन फोन, ट्रान्झिटचे नियम. या वेळेची किंमत कोणी धरली का? सामान्य माणसाला हे जमणार आहे?

माई सांगलीकर:
सामान्य माणसाला काय जमत नाही हे तुम्ही ठरवू नका. रोखीच्या तिकिटालाही बॅगा आणि व्हीलचेअर बघावीच लागते. माझा राग पॉइंटवर नाही. अर्धवट सल्ले देणाऱ्यांवर आहे.

आणि आपल्या लोकांचे पॉइंट हरवतात ते नावापायी, याबद्दल अजून कोणी अक्षर लिहिलेलं नाही. पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'च्या रकान्यात मधलं नाव असतं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं. विमान कंपनीच्या खात्यात नुसतं नाव-आडनाव. बँकेत तिसरंच, लग्नाआधीचं. तिकिटावरचं आणि खात्यातलं नाव जुळलं नाही तर मैल जमा होत नाहीत. बँकेतलं आणि खात्यातलं जुळलं नाही तर पाठवलेले पॉइंट अडकतात. खातं उघडतानाच पासपोर्टप्रमाणे नाव टाका. नंतर बदलायला कागदपत्रं मागतात आणि आठवडे जातात.

एडिसनकर:
नावाचं अगदी खरं, हे मान्य करावंच लागेल. क्रिसफ्लायरवाल्यांनी आणखी एक बघावं: स्वतःशिवाय फक्त ५ जणांना नॉमिनी करता येतं, म्हणजे आपल्या मैलांवर त्यांचीच तिकिटं काढता येतात, आणि एकदा टाकलेलं नाव बदलायला शुल्क पडतं. तिथे मित्रांची नावं भरून बसू नका, आई-वडील आणि सासू-सासऱ्यांतच चार जागा जातात.

कर्जत लोकल:
जमा करण्याबद्दलही दोन शब्द. विमानातून गेलो म्हणजे मैल मिळाले, असं नसतं. तिकिटावरचं भाड्याच्या वर्गाचं इंग्रजी अक्षर बघा. भागीदार कंपनीच्या खात्यात स्वस्त इकॉनॉमीच्या काही अक्षरांना पूर्ण मैल, काहींना पाव, काहींना शून्य. मुंबई–फ्रँकफर्ट साधारण ४,०८० मैल. तेच उड्डाण, एका खात्यात ४,०८०, दुसऱ्यात काहीच नाही. आणि एअर इंडिया स्वतःच्या उड्डाणांवर २०२४पासून अंतर धरत नाही, भरलेल्या रुपयांवर पॉइंट देते. तेव्हा महाग तिकीट तिच्या खात्यात आणि लांबचं स्वस्त तिकीट, अक्षर चालत असेल तर, अंतर मोजणाऱ्या भागीदाराच्या खात्यात. एक उड्डाण एकाच खात्यात जमा होतं, म्हणून हे चेक-इनच्या आधी ठरवायचं. मैल खात्यात दिसेपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका, नंतर दावा करायला तोच लागतो.

सहल कंपनीबरोबर युरोपला जाणाऱ्यांनी आधीच विचारून घ्या. ग्रुपच्या भाड्यावर बऱ्याच कार्यक्रमांत एकही मैल मिळत नाही.

जमाखर्च:
ठीक आहे. आई-वडिलांच्या तिकिटासाठी, म्हणजे जे भाडं भरायचंच आहे तिथे, पॉइंटचा हिशेब कॅशबॅकच्या पुढे जाऊ शकतो. एवढं मागे घेतो. बिझनेसच्या सीटची किंमत लावून नफा सांगणाऱ्यांबद्दल लिहिलेलं एक अक्षरही मागे घेत नाही. आणि दर महिन्याचं पूर्ण बिल ऑटो-डेबिटला लावलेलं नसेल त्याने या धाग्यातलं काहीही करू नये.

बोर्डिंग पास:
ऑटो-डेबिट लावताना 'किमान रक्कम' हा पर्याय राहिलेला नाही ना, तेही बघा. 'पूर्ण रक्कम' निवडावं लागतं.