फक्त जीपीए आणि एमकॅट पुरत नाही

लेकीला अमेरिकेत मेडिकलला पाठवायचं तर काय करावं, या प्रश्नावर कुणीतरी म्हटलंय, जीपीए (कॉलेजातल्या ग्रेड्सची सरासरी) आणि एमकॅट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) सांभाळा, बाकी शोभेचं. मला हे अजिबात पटत नाही. एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या बहुतेक मेडिकल कॉलेजांसाठीच्या सामायिक अर्जात 15 अनुभव नोंदवता येतात, त्यातल्या जास्तीत जास्त 3 वर सविस्तर लिहायचं असतं. माझ्या भाचीने लॅबमधली दोन वर्षं थोडक्यात आटोपली आणि हॉस्पिसमधल्या (शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेतात तिथल्या) शनिवारांवर भरभरून लिहिलं. तिथल्या आजोबांचा हात धरून नुसतं बसणं तिला फार अवघड गेलं होतं. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत सी ग्रेड मिळाली तेव्हा पोरगी पार खचली होती. पुढे तोच विषय ती ज्युनियर मुलांना शिकवू लागली. तुमची लेक कुठल्या कामाला कुणी न सांगता आपणहून जाते, ते आधी बघा.