ओशावा जनरल्स ही काय भानगड आहे? भाच्याशी बोलायचंय, कोणी सांगेल का

सिडकोवाला_मामा:
नमस्कार मंडळी. मी नाशिकचा, त्रिमूर्ती चौकाजवळ राहतो, बर्फाशी संबंध फक्त उसाच्या रसापुरता. माझी बहीण सहा वर्षं झाली कॅनडात ओशावा नावाच्या गावात आहे, टोरंटोच्या पूर्वेला साधारण ६० किलोमीटर. तिचा पोरगा ११ वर्षांचा, आईस हॉकीचं वेड लागलंय. गेल्या महिन्यात वरच्या टीमच्या सिलेक्शनला गेला आणि त्याला काढला, तेव्हापासून घुम्यासारखा बसलाय, आईशी बोलत नाही बापाशी बोलत नाही. ताई म्हणते तू बोल, तुझं ऐकतो. आता मी काय बोलणार, मला गोलकीपर सोडून त्या खेळातला एक शब्द कळत नाही.

तर त्याच्या खोलीत ओशावा जनरल्सची जर्सी टांगलेली दिसते व्हिडिओ कॉलवर. मला आधी वाटलं सैन्याचं काहीतरी असेल, जनरल वगैरे. ताई म्हणाली ज्युनियर टीम आहे, पोरं १६ ते २० वर्षांची. मग त्यांच्या मॅचला हजारो लोक तिकीट काढून कसे जातात? आपल्याकडे अंडर नाइन्टीनच्या मॅचला खेळणाऱ्यांचे आईबाप आणि एखादा भेळवाला असतो. कोणाला माहिती असेल तर सांगा, जरा मामाची इज्जत राहील.

कडाक्याची_थंडी:
मामा, बरोबर ठिकाणी विचारलंत, मी याच पट्ट्यात १४ वर्षं आहे आणि मूळचा पंचवटीचा.

पहिली गोष्ट, जनरल म्हणजे सैन्यातला नाही, जनरल मोटर्समधला. ओशावा म्हणजे गाड्यांचं गाव, जनरल मोटर्स कॅनडाचं मुख्य ऑफिस आणि मोठा प्लांट तिथेच. १९३७ साली टीम उभी राहिली तेव्हा पैसा कंपनीचा, म्हणून नाव जनरल्स. तुमच्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या नावाने गावाची टीम असावी आणि ८०-९० वर्षांनी पण लोकांनी तेच नाव घेऊन ओरडावं, तसं समजा.

ज्युनियर हॉकीतली सगळ्यात मोठी ट्रॉफी म्हणजे मेमोरियल कप, पहिल्या महायुद्धात गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांच्या आठवणीत १९१९ला सुरू झाला. जनरल्सनी तो १९३९, १९४० आणि १९४४ला जिंकला. मग सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांचं रिंक (बर्फाचं मैदान), हॅम्बली अरीना, जळून खाक. टीम बंदच पडली. नऊ वर्षं गावात टीमच नाही, विचार करा.

१९६२ला परत सुरू झाली ती बोस्टन ब्रुइन्सच्या जोरावर. ब्रुइन्स म्हणजे एनएचएल या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमधली टीम. तेव्हा एनएचएलच्या मोठ्या टीमा ज्युनियर टीमा पोसायच्या आणि चांगली पोरं लहानपणीच करारात बांधून टाकायच्या. ब्रुइन्सना पॅरी साउंड नावाच्या छोट्या गावात १४ वर्षांचा एक पोरगा सापडला, बॉबी ऑर. घरच्यांशी जो करार झाला त्यात घराला बाहेरून नवीन गिलावा करून द्यायचं पण ठरलं होतं म्हणे, खोटं नाही सांगत! पण आई म्हणाली एवढ्या लहान पोराला मी लांब पाठवणार नाही, म्हणून पहिला सीझन तो घरीच राहिला आणि मॅचपुरता गाडीने तीनेक तास येऊन खेळून परत जायचा, प्रॅक्टिस जवळपास नाहीच. आणि समोर १८-१९ वर्षांचे बाप्ये. टीमला स्वतःचं रिंक पण नव्हतं तेव्हा, दुसऱ्यांच्या बर्फावर खेळायचे, सिव्हिक ऑडिटोरियम झालं १९६४ला. हाच ऑर पुढे जगातला सर्वोत्तम डिफेन्समन म्हणून गाजला. पण जनरल्सकडून मेमोरियल कप नाही मिळाला त्याला, १९६६च्या फायनलला जांघेत दुखापत होती, एडमंटन ऑइल किंग्जकडून हरले.

लोक का येतात म्हणाल तर हेच. उद्याचा मोठा खेळाडू आज तुमच्या गल्लीत कोणाच्या तरी घरी राहत असतो. पोरं लांबून येतात, गावातल्या कुटुंबांकडे राहतात, तिथेच जेवतात, जवळच्या शाळेत जातात. बिलेट म्हणतात त्याला.

सिडकोवाला_मामा:
दादा भारी लिहिलंय, गिलाव्याचं वाचून बायको म्हणाली आपल्या पण घराचा बाकी आहे. म्हणजे हा पोरांच्या खरेदी-विक्रीचाच धंदा झाला की.

तीन_पाळ्यांचा_माणूस:
मी रिटायर, ३१ वर्षं एमआयडीसीत काढली. हॉकी मला शून्य कळते पण कंपनीची टीम काय असते ते माझ्याइतकं इथे कोणाला माहीत नसेल. आमच्या कंपनीची कबड्डीची टीम होती, चढाईला चांगला असेल तर पोराला हेल्पर म्हणून चिकटवून घ्यायचे आणि मॅचच्या दिवशी पहिल्या पाळीतून दुपारी लवकर सोडायचे, सुपरवायझर स्वतः टेम्पोत बसून यायचा ओरडायला. नंतर कायम भरती थांबली, कंत्राटी पोरं आली, टीम गेली, नोटीस पण लागली नाही कुठे. एक दिवस कळलं की मैदानात पार्किंगचे पट्टे मारलेत. म्हणून मला प्रश्न असा की ओशावाचा कारखाना चालूय का अजून? आणि नसेल तर टीमचं काय झालं?

कडाक्याची_थंडी:
काका, नेमकं बोललात. नोव्हेंबर २०१८ला कंपनीने जाहीर केलं की ओशावात गाड्या बनवणं बंद, आणि डिसेंबर २०१९ला शेवटची गाडी लाइनवरून उतरली. इकडे तेव्हा लई वातावरण तापलं होतं. नोव्हेंबर २०२१ला पिकअप ट्रक बनवायला प्लांट परत सुरू केला. मधल्या काळात टीम होती, फक्त २०२०-२१चा सीझन झाला नाही, पण तो कोरोनामुळे, ही टीम खेळते त्या अख्ख्या ओंटारियो हॉकी लीगचाच गेला. टीम आता कंपनीच्या जिवावर नाही, तिकिटांवर आणि खाजगी मालकांवर चालते, नाव तेवढं राहिलं. २००६ला नवीन स्टेडियम झालं त्याला पण जनरल मोटर्स सेंटर नाव होतं, २०१६ला ते गेलं आणि आता एका बिल्डरचं नाव लागलंय. नाशिककरांना हे वेगळं समजावून सांगायला नको :)

गोदाघाट_९२:
खरेदी-विक्री म्हणालात ना मामा, त्यात लिंड्रॉसचं ऐका. एरिक लिंड्रॉस, १९८९ला ड्राफ्टमध्ये (लीगच्या टीमा पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात त्यात) पहिल्या नंबरला उचलला सू सेंट मरीच्या टीमने, हे गाव टोरंटोपासून फार लांब. पोरगा आणि घरचे म्हणाले जाणार नाही. नाही म्हणजे नाही! शेवटी डिसेंबरमध्ये त्या टीमने तीन खेळाडू, पुढच्या ड्राफ्टमधले चान्स आणि वर रोख पैसे घेऊन त्याला ओशावाला दिला. आणि १९९०ला जनरल्सनी ४६ वर्षांनी मेमोरियल कप जिंकला, फायनल किचनर रेंजर्सविरुद्ध, दोन वेळा ओव्हरटाइम म्हणजे जादा वेळ, ४-३. जिंकवणारा गोल मात्र लिंड्रॉसचा नाही, बिल आर्मस्ट्राँगचा.

मग जॉन टवारेस. २००५ला नियमाने त्याचं वय बसत नव्हतं, तर लीगने असामान्य खेळाडू म्हणून खास नियमच काढला आणि १४ वर्षांच्या पोराला ओशावाने पहिल्या नंबरला घेतलं. २००६-०७ला ७२ गोल मारले, १६ वर्षांच्या वयात वेन ग्रेट्झकीचे, म्हणजे हॉकीतल्या सचिनचे, ७० होते ते मोडले. आणि जानेवारी २००९ला त्याला पण दुसऱ्या टीमला देऊन टाकला, इथे कोणी कायमचं नसतं.

बाकी मामा तुमच्या सैन्याच्या अंदाजावर एवढं हसू नका मंडळी. रेड टिल्सन म्हणून जनरल्सचा पोरगा होता, १९४२-४३ला लीगमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट त्याचे, नंतर सैन्यात गेला आणि १९४४ला युरोपात लढताना मारला गेला. त्या लीगच्या सर्वोत्तम खेळाडूला आजही त्याच्या नावाची ट्रॉफी देतात.

तीन_पाळ्यांचा_माणूस:
हे टिल्सनचं वाचून गप्प बसलो जरा. १९४४ला कप पण जिंकला होता ना याच टीमने, म्हणजे त्याच वर्षी.

मेनरोडची_ताई:
मी मुलाला स्केटिंगला नेते म्हणून हा धागा उघडला. सगळे ऑर आणि लिंड्रॉस सांगताय पण त्या बिचाऱ्या पोराला सिलेक्शनमधून काढलंय ना? त्याला १४व्या वर्षी निवडलेल्या हिऱ्यांच्या गोष्टी सांगून काय उपयोग, उलट अजून हिरमुसेल. असा कोणी नाही का ज्याला कोणी घेतलंच नव्हतं?

कडाक्याची_थंडी:
ताई, शंभर टक्के बरोबर, मी उगाच इतिहास झोडत बसलो. आहे ना! अँथनी सिरेली. लीगचा ड्राफ्ट होतो त्यात त्याचं नाव कोणीच घेतलं नाही, एकाही टीमने नाही. जनरल्सनी त्याला ड्राफ्टशिवाय घेतलं. आणि २०१५ची मेमोरियल कपची फायनल, क्युबेक सिटीमध्ये, समोर केलोना रॉकेट्स, जनरल्स २-१ ने जिंकले ओव्हरटाइममध्ये, आणि दोन्ही गोल सिरेलीचे. दोन्ही! पहिला पण आणि ओव्हरटाइमचा पण. मी घरी टीव्हीसमोर होतो, बायको झोपलेली म्हणून उशीत तोंड घालून ओरडलो. पुढे एनएचएलमध्ये टॅम्पा बेकडून दोनदा स्टॅनली कप, म्हणजे तिथली विजेतेपदाची ट्रॉफी, २०२० आणि २०२१. मामा हे सांगा, बाकी सगळं सोडा.

सिडकोवाला_मामा:
बोललो काल रात्री. आमचे साडेनऊ, तिकडे दुपार, पोरगं शाळेला दांडी मारून बसलेलं. सिरेलीचं सांगायला सुरुवात केली तर पहिल्या वाक्यात म्हणाला मामा मला माहितीये, इथे सगळ्यांना माहितीये. माझी इज्जत तिथेच गेली. मग मी टिल्सनचं काढलं, ते माहीत नव्हतं त्याला. ट्रॉफी माहीत होती पण माणूस मेलेला माहीत नव्हता, विचारत बसला तो किती वर्षांचा होता, हॉकी सोडून का गेला, त्याची आई होती का. अर्धा तास बोलला, महिन्यात पहिल्यांदा, ताईने मागून अंगठा दाखवला. शेवटी म्हणतो मी गोलकीपर आहे, २०१५च्या फायनलला आमच्या बाजूने गोलमध्ये कोण होतं सांग. मी म्हटलं उद्या सांगतो. कोण होतं हो?

गोदाघाट_९२:
केन ॲपलबी. लिहून ठेवा तळहातावर.