मदत हवी आहे: इंदूरजवळ व्यसनमुक्तांनीच चालवलेलं शिबिर

धाकट्या भावाला दारू सोडून ७ महिने झालेत. औषधं चालू आहेत, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या गटाच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या हिंदी मीटिंगलाही नेमाने जातो. त्यांच्या १२ पायऱ्यांपैकी चौथीवर, स्वतःचा नैतिक लेखाजोखा लिहिण्यावर अडकलाय. रोज रात्री वही उघडतो, तारीख घालतो, मिटून ठेवतो. बघून पोटात तुटतं हो.

१४४४६ या हेल्पलाइनवर विचारलं, व्यसनमुक्ती केंद्रांचे पत्ते मिळाले. पण भरती होण्याची गरज नाही. विपश्यनेचं १० दिवसांचं मौनही आत्ता नको, त्याला बोलायचंय. गोळ्या बंद करायला लावणारे बुवा-महाराज तर मुळीच नकोत. सुट्टी फक्त शनिवार-रविवार.

इंदूर, उज्जैन किंवा ओंकारेश्वरकडे असं दोन दिवसांचं निवासी शिबिर कुणी स्वतः केलंय का? आणि आईसाठी दारूचं व्यसन असलेल्यांच्या घरच्यांच्या गटाची, म्हणजे अल-अ‍ॅनॉनची मीटिंग, शक्यतो मराठी बोलणाऱ्या बायकांची, इंदुरात कुठे भरते?